वाऱ्याकडे धरलेलं बोट

आमचे मुकादम आधी बोट जिभेला लावायचे, मग ते डोक्यावर उंच धरायचे आणि डोळे मिटायचे. "आज नाय, साहेब," नाहीतर "चला, लावा काडी." एवढंच बोलणं. कोपर स्टेशनपलीकडे रुळांना लागूनच डोंगर आहे. उन्हाळ्याआधी रुळांच्या कडेचं वाळलं गवत आम्हीच जाळून टाकायचो, म्हणजे वणवा लागला तरी तो रुळांपर्यंत येत नसे. जाळायचा दिवस मुकादमांचं बोट ठरवायचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, सवय अंगात मुरलेली. कसल्या फॉर्मवर सही करायला ऑफिसात आले तरी पंख्याखाली बोट वर. "इथला वारा काय भरवशाचा नाय, साहेब." आम्ही पोट धरून हसायचो. मी जरा जास्तच. नवा इंजिनियर होतो.

त्या वर्षी गवताचं काम मागे पडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठ पाहणीला येणार होते. मुकादमांनी बोट धरलं. "आज नको, साहेब. वारा गावाकडं चाललाय." गाव म्हणजे पायथ्याचं त्यांचंच गाव.

"मुकादम, काडी लावा," मी म्हणालो. "हा माझा हुकूम आहे."

अर्ध्या तासात आग डोंगराच्या कडेने गावाकडे सरकू लागली. रुळांमधलं तण मारायची आमची एक गाडी असायची, दोन टाक्या आणि पंप असलेली. ती जवळच्याच सायडिंगच्या रुळावर साधं पाणी भरून उभी होती. "ती गाडी मागवा, साहेब," मुकादम म्हणाले. मी फोन हातात धरून नुसता उभा राहिलो. गाडी मागवायची तर आग कोणी लावली तेही सांगावं लागलं असतं. मुकादमांनी फोन माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि स्वतः स्टेशनमास्तरांशी बोलले. गाडी आली. नळी धरून तेच पुढे होते. आग शेवटच्या घराच्या चार पावलं अलीकडे विझली, ते घर त्यांचंच होतं. त्यांच्या भुवया जळाल्या होत्या.

चौकशीच्या कागदावर मी लिहिलं, 'मुकादमाने वाऱ्याची दिशा पाहिली नाही.' हे मी माझ्या हाताने लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "तुमची नोकरी अजून लय बाकी हाय," म्हणाले आणि सही केली.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना त्यांचं मुकादमपण गेलं. काल हाताखाली होती त्या पोरांबरोबर ते खडी ओढू लागले. मी रोज पाहायचो आणि नजर चुकवायचो.

ते वारले तेव्हाही मी गेलो नाही. दोन महिन्यांनी गेलो, त्यांच्या बायकोला सगळं सांगायचं असं ठरवून. मी खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच तिने सुनेला हाक मारली.

"अगं, हेच ते साहेब. यांनी गाडी पाठवली म्हनून आपलं घर ऱ्हायलं. शेवटपर्यंत सांगायचे ते."

सून पदर सावरून माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.