सुरुंगात ओतलेलं पाणी

त्या फौजदाराला मी आजही माफ केलेलं नाही. तो मेला त्यालाही कैक वर्षं झाली. त्याची नातवंडं असतील, चांगल्या नोकऱ्यांत असतील. तरीही नाही. म्हातारपणी माणसाने राग सोडावा म्हणतात. ज्यांना सोडायचा त्यांनी खुशाल सोडावा.

हल्ली वर्तमानपत्रात ‘दहशतवादी’ हा शब्द सारखा असतो. कुठल्या देशात विमान पळवतात, कुठे भर बाजारात बाँब ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या सरकारातला कुणी मोठा माणूस सांगतो, आम्ही कुणाचीही गय करणार नाही. ते वाचलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हे ‘कुणाचीही’ म्हणजे नेमकं कुणाची, ते मी माझ्या परसात पाहिलंय. तेव्हा हा शब्द आमच्याकडे नव्हता. लोक ‘बाँबवाला’ म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली आणत.

तीस सालानंतरची ती वर्षं. रत्नागिरीत वरच्या बाजूला, कातळ सुरू होतो तिथे आमचं घर होतं. आमचे हे कचेरीत कारकून. मुलगी नुकती चालायला लागलेली. घर चांगलं होतं, पण पाणी नव्हतं. पाखाडी उतरून खालच्या शेजाऱ्यांच्या विहिरीवर जायचं, कळशी कमरेवर घेऊन तेवढ्याच पायऱ्या चढून यायचं. फाल्गुन लागला की त्या विहिरीचाही तळ दिसायचा आणि शेजारीणबाईंचं तोंड वाकडं व्हायचं. शेवटी मी ह्यांच्यामागे धोशा लावला, आपल्या परसात विहीर पाडा.

आमच्याकडच्या जांभ्यात विहीर पाडायची म्हणजे सुरुंग लावावा लागतो. देवरुखच्या बाजूच्या एका वाडीतले एक शेतकरी भात झोडून झालं की विहिरी पाडायला बाहेर पडत. त्यांना आणलं. बरोबर त्यांची बायको. ते पहारीने कातळात भोक पाडायचे, त्यात दारू भरायचे, वात सोडायचे, वरून मातीचा बूच ठोकायचे. बायको फुटलेल्या कातळाचं राबीट टोपलीत भरून वर आणायची. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणून मी त्यांना बाबा म्हणत असे. ह्यांना ते आवडत नसे. “गड्याला काय बाबा म्हणतेस?” असं दोनदा म्हणून झालं, मग सोडून दिलं.

बाबांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. तरणेपणी एक सुरुंग हातातच उडाला होता. मुलगी ती बोटांची जागा चाचपून बघायची आणि ते हसून म्हणायचे, “कातलानं खाल्लीन गो माजी बोटां.” दारू बाळगायचा सरकारी परवाना त्यांच्याकडे होता. पेटी आमच्या लाकडांच्या खोपीत, कुलपात असे. मुलगा आगबोटीवर इंजिनात कोळसा ओढायच्या कामाला होता. कुठली कुठली बंदरं बघून यायचा. त्याच्याबद्दल बोलताना बाबांचा चेहरा उजळायचा.

विहीर दोन पुरुष खोल गेली होती, आणि त्याच सुमाराला तिकडे लांब एका मोठ्या शहरात कुणा तरुणाने एका गोऱ्या अंमलदारावर बाँब टाकला.

आमच्या गावाला ही हवा नवी नव्हती. सरकारने नजरेखाली ठेवलेली माणसं इथे आधीपासून होती. पण ह्या वेळी काही निराळंच झालं. मुंबईहून एक नवा फौजदार आला. आपलाच, मराठी बोलणारा. कचेरीत कुजबुज अशी, की हे बाँबवाले आता परदेशातल्या मंडळींशी संधान बांधून आहेत, पिस्तुलं आगबोटींतून येतात, खलाशी आणतात, अशी वरून खबर आली आहे. बंदरावर उतारूंच्या वळकट्या सोडून बघायला लागले. कोकणातल्या निम्म्या घरांतला एक तरी माणूस मुंबईला किंवा बोटीवर. मग सगळेच संशयित!

एका दुपारी ते आमच्याकडे आले. फौजदार, एक हवालदार, चार शिपाई. हे कचेरीत होते. मी मुलीला भरवत होते.

“विहीर कोण पाडतंय?” फौजदाराने विचारलं.

मी परसाकडे बोट दाखवलं. बाबा विहिरीतून वर आले, अंगभर तांबडी धूळ.

“हात दाखव.”

बाबांनी दोन्ही हात पुढे केले.

“बोटं कुठे गेली?”

“सुरुंगात गेली, सायेब.”

“बाँब बांधतानाही अशीच जातात. मुलगा काय करतो?”

“बोटीवर हाय. आगवाला.”

“परदेशी जातो?”

“जातो ना, सायेब.” हे त्यांनी नेहमीच्याच कौतुकाने सांगितलं.

फौजदार हवालदाराकडे वळून हसला. “मुलगा परदेशी बंदरात, बाप दारूच्या पेटीवर. आणखी काय पाहिजे?”

मी म्हटलं, “अहो, परवाना आहे त्यांचा.”

“आजपासून नाही,” तो म्हणाला.

मग खोपीतली पेटी ताब्यात घेतली आणि घर धुंडाळलं. माझ्या फडताळात गंधकाची पुडी होती. मुलीला खरूज झाली होती म्हणून खोबरेल तेलात घालून लावत होते. ती पुडी फौजदाराने नाकाशी नेली आणि रुमालात बांधली. तेवढ्या गंधकाने माझ्या लेकीची खरूजसुद्धा धड बरी झाली नव्हती, आणि त्यांना त्यात साम्राज्य उडताना दिसलं. बाबांना दोरी लावून पाखाडीवरून खाली नेलं. दारादारांत माणसं उभी होती. आदल्या दिवसापर्यंत जे ‘आमच्याकडेही विहीर पाडायची आहे’ म्हणून बाबांना तंबाखू देत होते, ते त्या दिवशी त्यांना ओळखेनात.

संध्याकाळी हे आले. त्यांना कचेरीतच कळलं होतं. टोपी हातात तशीच.

“कुणी विचारलं तर आपल्याला काही माहीत नाही,” ते म्हणाले.

“काय माहीत नाही? माणूस किती दिवस आपल्या परसात राबतोय.”

“अगं, ओळखतो म्हटलं तर उद्या माझी नोकरी जाईल. कळतंय का तुला?”

“आणि नाही म्हटलं तर त्यांचं काय जाईल?”

त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. खोपीत बाबांची बायको बसून होती. तिने चूलही पेटवली नव्हती. आत माझ्या नवऱ्याची भीती आणि बाहेर तिची. मला त्या दोन्हींची चीड आली.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर मुलीला शेजारणीकडे टाकलं आणि मी बाबांच्या बायकोला घेऊन ठाण्यावर गेले. कारकुनाची बायको भरदिवसा ठाण्याची पायरी चढते म्हणजे त्या काळी केवढा गजहब! फौजदार बाहेर गेला होता. हवालदार जुना, इथलाच. त्याने इकडेतिकडे बघून आम्हाला मागच्या पडवीत जाऊ दिलं.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. तळव्यांवर मारलं होतं. पाय भाकरीसारखे फुगले होते. बायको ते पाय मांडीवर घेऊन बसली. बाबांनी स्वतःचं काही सांगितलं नाही. मला म्हणाले, “वयनी, हिरीत उगवतीच्या कोपऱ्याक भोक भरलेला हाय. वात लावायची रवली. मी ह्या शिपायांना सांगितला, तिथं पहार मारू नका, ठिनगी पडंल. तर म्हनतात, बाँब पुरलाय म्हनून कबूल केलान. आता खनायला येतील. कोन तरी मरंल.”

“मग काय करायचं, बाबा?”

“पानी वता. दारू भिजली का मेली ती.”

आम्ही दोघी तशाच परतलो. आणि मग सुरू केलं. तिने आणि मी, खालच्या विहिरीवरून कळशी भरायची, पाखाडी चढायची आणि परसातल्या त्या कोरड्या खड्ड्यात ओतायची. ऐन चैत्र. शेजारीणबाई ओरडायला लागल्या, “वेड लागलंय का तुला? प्यायला नाही आणि खड्ड्यात ओततेस?” मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबांची बायको शिडीने खाली उतरून त्या कोपऱ्याला मातीचा बांध घालून आली, म्हणजे पाणी तिथेच साचेल. माझी कंबर मोडली, हाताला कळशीचे वळ उठले, पण प्रत्येक खेपेला राग वाढतच गेला. एका माणसाला शिक्षा नको म्हणून मी हे करत नव्हते. ज्यांनी त्याचे पाय फोडले त्यांचेच हातपाय शाबूत राहावेत म्हणून आम्ही दोन बायका पाणी वाहत होतो. हे माझ्या लक्षात आलं आणि मी मधल्या पायरीवर बसून रडले. मग उठून पुन्हा गेले.

सकाळी ते आलेच. शिपायांनी पहारी घातल्या. भोकातून काळा चिखल निघाला. फौजदाराने तो बोटावर घेऊन बघितला.

“कुणी भिजवलं हे?”

“मी,” मी म्हटलं.

“पुरावा नष्ट केलात तुम्ही. काय केलंत, कळतंय का?”

“तुमचे शिपाई जिवंत आहेत, हे केलंय.”

तो लालबुंद झाला. बाईवर हात टाकायला कचरला असेल, किंवा शिपाई ऐकत होते म्हणून असेल, पण तो माझ्याशी आणखी बोलला नाही. त्याने ह्यांना बोलावून घेतलं. ह्यांना कामावरून तात्पुरतं दूर केलं. मग ह्यांनी वरच्या साहेबांची माफी मागितली. बायको अडाणी आहे, तिला समज नाही, असं सांगितलं. नोकरी परत मिळाली. त्या दिवशी घरी येऊन ते बराच वेळ पायरीवर बसले. मी पाट मांडला, ताट वाढलं, पण कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

माझे दीर तेव्हा पुण्याला कॉलेजात होते. सुट्टीत आले. त्यांना बाँब टाकणाऱ्या त्या तरुणाचं फार कौतुक. जेवताना म्हणाले, “वहिनी, मोठ्या कामात असं थोडंफार होतंच. आयर्लंडात बघा, रशियात बघा. सरकार दडपशाही करतं तसतसे लोक जागे होतात.”

“भाऊजी,” मी म्हटलं, “त्या पोराने बाँब टाकला तेव्हा देवरुखच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याचे पाय फुटतील हे त्याच्या हिशेबात होतं का?”

“त्याला कसं माहीत असणार?”

“मग सरकारलाही माहीत नव्हतं. तुम्ही आणि सरकार, दोघेही लांबून बघणारे. जेवा आता.”

त्यांनी ताकाची वाटी पुढे ओढली. तो तरुण फासावर गेला. तो भित्रा नव्हता, हे मलाही कळतं. पण मला कुणी एकाच बाजूने चिडायला सांगितलं, तर ते मला जमणार नाही.

बाबांवर खटला झालाच नाही. पुरावाच नव्हता. पण त्या वेळी असे कायदे होते, की पुरावा नसला तरी माणूस आत ठेवता यायचा. पावसाळा अर्धा सरल्यावर सोडून दिलं. तोवर शेत पडून राहिलं. बायकोने दुसऱ्याच्या शेतावर लावणी करून दिवस काढले. मुलगा मुंबईला बोटीवरून उतरताच त्याला गोदीतून उचललं, चार थपडा मारून सोडलं, आणि मग कुठली कंपनी त्याला बोटीवर घेईना. आमच्या परसातला खड्डा पावसाने भरला. तो उपसून पुढे कातळ फोडायला कुणी तयार होईना. मुलगी पडेल म्हणून शेवटी आम्ही तो दगडमातीने बुजवला.

पुढे एकदा नणंदेकडच्या लग्नाला मी सर्व्हिस मोटारीने देवरुखला गेले. बाजाराचा दिवस होता. बाबा एका दुकानाच्या पायरीखाली सूप-टोपल्या घेऊन बसलेले दिसले. मी पुढे होऊन म्हटलं, “बाबा, ओळखलंत का?”

त्यांनी वर बघितलं. ओळख पटली, ते मला दिसलं. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. तिथे नाक्यावर एक शिपाई बिडी ओढत उभा होता. त्याचं आमच्याकडे लक्षही नव्हतं.

“जावा तुमी, वयनी,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “हिथं नको.”

“अहो, बाबा, नुसतं कसे आहात ते विचारतेय.”

“बरा हाय. जावा.” आणि ते टोपल्या तशाच टाकून उठले, लंगडत दुकानामागे निघून गेले.

मी तिथेच उभी राहिले. ठाण्यात पाय फुगले असताना जो माणूस शिपायांच्या जिवाची काळजी करत होता, तो माझ्याशी दोन शब्द बोलायला घाबरत होता.

त्यांची बायको टोपल्यांपाशी आली. तिने मला बाजूला घेतलं. मुलगा आता मुंबईला गिरणीत लागला होता, सूनही चांगली होती, हे सांगितलं. मग म्हणाली, “त्या फौजदाराच्या नावानं मी गावदेवाला गाऱ्हानां घातलाय. नारल ठेवलाय. त्येचं वाटोलां कर म्हनून.”

“मग?” मी विचारलं. मला ठाऊक होतं. फौजदाराला बढती मिळून तो मोठ्या जिल्ह्याला गेला होता. कचेरीत त्याला हार घातला तेव्हा आमचे हेही टाळ्या वाजवणाऱ्यांत होते.

तिलाही ते कळलं असावं. ती टोपल्या एकात एक घालता घालता म्हणाली, “देव पन सरकारला भितो का काय, कोन जानं. पुढल्या साली परत घालीन.”

मग टोपल्यांची उतरंड डोक्यावर घेऊन ती नवऱ्याला शोधायला दुकानामागे गेली.