बंदुकीच्या नळीने फुंकलेली चूल

माझ्या सासऱ्यांच्या बंदुकीच्या नळीने मी तीन दिवस चूल फुंकली. आज हसत सांगते, पण तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं.

अठ्ठ्याहत्तर साल असेल. लग्नाला सहा महिने झाले होते. माहेर शहापूरचं, हायवेवर बाबांचं सायकलचं दुकान. सासर कारध्याच्या पुढे, धानाचं. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, माझ्याशी बोलतच नसत. राग नव्हता, मोजतच नसत मला. लग्नाच्या बैठकीत म्हणाले होते, "पंक्चरवाल्याची पोट्टी धानाच्या बांधीत काय करणार आहे?" हे माझ्या कानावर आलं, आणि मी काही विसरणारी बाई नाही. या घरात आपण कधी घरच्या होणार की जन्मभर पाहुणीच राहणार, हाच घोर मला लागला होता.

रानडुकरं हाकलायला मामाजींकडे लायसनची बंदूक होती. मोठ्या नळीखाली आणखी एक नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक बसायची. मामाजींचं म्हणणं, एक बार हवेत उडवला तर डुक्कर नुसतं मान वर करून पाहते, लागोपाठ तीन उडवले तर पळते. पण पोळ्याच्या सुमाराला बंदूक बैलबंडीवरून दगडावर पडली आणि खालच्या नळीला पोचा आला. काडतूस आत अडकू लागलं. मग एकेक हाताने भरायचं, तोवर डुक्कर जेवून, हात धुऊन कारध्याला पोचलेलं. आणि इकडे धान निसवलेला, लोंब्या बाहेर आलेल्या.

आमचे हे तुमसरला राइस मिलमध्ये कामाला. सुट्टीच्या दिवशी नागपूरहून नवी नळी आणायची, असं बापलेकांत ठरलं होतं. आम्हा बायकांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मामाजी लेकीकडे गेले होते. ह्यांनी नळी पेपरात गुंडाळून आणली, चुलीजवळच्या फळीवर ठेवली आणि सकाळच्या गाडीने परत तुमसरला.

त्या दिवशी लाकडं ओली होती आणि जुनी फुंकणी टोकाला फुटलेली. पेपर सोडून पाहते तर काय, लखलखीत लोखंडी फुंकणी! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. सहा महिन्यांत ह्या माणसाने एक गजरा आणला नव्हता. सायकलवाल्याची मुलगी मी, टोकाचे आटे दिसत होते डोळ्यांना. पण वाटलं, पाण्याचा पाइप कापून केली असेल. आटे ओठाला खुपायचे, म्हणून ते टोक विस्तवाकडे धरायची. फुंकर अशी सरळ जायची की चूल भडभड पेटायची. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "चांगली आणली वो पोट्ट्यानं."

चौथ्या दिवशी मामाजी आले. पाणी प्यायच्या आधी विचारलं, "नळी आणली काय? कुठी ठेवली?"

सगळं घर शोधू लागलं. मीसुद्धा. कणगीमागे पाहिलं, खाटेखाली वाकले, आणि हातात फुंकणी तशीच. काखेत कळसा अन् गावाला वळसा! सासूबाईंची नजर माझ्या हाताकडे गेली. "माय वो!" एवढंच त्या बोलल्या आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यांनी ती झटकन ओढून घेतली, ओसरीवर गेल्या आणि म्हणाल्या, "हे घ्या. म्या चूल फुंकली हिच्यानं. मले का माहीत?"

मामाजी सुरू झाले. "केस पिकले तुहे, अक्कल कवा येईन?" मी दाराआड ऐकत होते. माझा स्वभाव तापट खरा, पण माझ्या चुकीसाठी दुसऱ्याने बोलणी खावीत, हे मला बिलकूल सोसत नाही. डोक्यावर पदर ओढला आणि बाहेर आले.

"मामाजी, आत्याबाईनं नाही, म्या फुंकली. मले वाटलं, यायनं माह्यासाठी आणली."

शेवटचं कशाला बोलले, देव जाणे. लाजेने मेले.  मामाजी रॉकेलची चिंधी घेऊन नळी पुसायला बसले.

जुनी नळी त्यांनी आधीच काढून ठेवली होती. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहिलं आणि नवी बसवायला लागले. नळी काही धरेना. त्यांनी जोर लावला आणि करकर आवाज आला. तो आवाज मी बाबांच्या दुकानात पेडल बसवताना शंभरदा ऐकलेला.

"थांबा!" मी ओरडलेच. सासऱ्यावर! "जोर नका लावू, आटे मरतीन. आधी उलटी फिरवा."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं.  मग बंदूक पुढे केली. "मंग तूच फिरव."

आट्यांत माझ्याच चुलीची राख बसली होती. ती सुईने काढली, शिलाई मशीनचं तेल दिलं. नळी टेकवून हळूहळू उलटी फिरवली. टक झालं, आटे जुळले. मग सुलटी फिरवली, तर दोन बोटांनी बसत गेली. काडतुसं पुढे ढकलणारी आतली स्प्रिंग घालताना मात्र ती उडाली आणि थेट तुळशीपाशी. सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या.

संध्याकाळी मी भात उतरवत होते, तेव्हा बांधीकडून बार ऐकू आले. एक, दोन, तीन. लागोपाठ. मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

चार दिवसांनी शेजारचे काका औषध फवारायचा पंप घेऊन आले. दट्ट्या अडकला होता. मामाजी ओसरीवर दाढी करत होते, त्यांनी आरशावरून नजरही वळवली नाही.

"मले काय दाखवून राहिला? मिस्त्री घरात आहे आमच्या." मग आत आवाज दिला, "सूनबाई, ये बरं बाहेर."

मी पदर कमरेला खोचला आणि काकांना विचारलं, "पाना आणला काय?"