एकदाच विचारलं

आईचं परतीचं विमान बुधवारी होतं आणि शनिवारी मी तिला समुद्रावर घेऊन गेले. जाता जाता तिला जरा हवापालट, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे तिची बॅग हॉलच्या मधोमध उघडी पडली होती आणि येता-जाता माझा पाय तिलाच अडखळायचा, मला ती बघवत नव्हती. नवरा म्हणाला, "जा दोघी, लेकीचं स्विमिंग मी बघतो." त्याचं मत बदलायच्या आत मी खोली बुक करून टाकली.

टूनगॅबीच्या आमच्या घरापासून गाडीने चार तास दक्षिणेला. गाव कसलं, एक पेट्रोल पंप, एक बेकरी, आणि गळाला लावायचं आमिष विकणारं एक दुकान. आमचं गेस्ट हाउस वाळूला अगदी चिकटून होतं. सहा खोल्या, सगळा कारभार घरचाच. सत्तरीची मालकीणबाई रिसेप्शन सांभाळायची, तिचा मुलगा डागडुजी करायचा आणि सून सकाळचा नाश्ता. दाराशी पाय धुवायला नळ होता. तो बघून आई खूश. "बघ, यांच्यातसुद्धा पाय धुऊन घरात येतात," ती म्हणाली, जणू स्थळ पसंत पडलं होतं.

आम्ही व्हरांड्यात टेकलो तोच मालकीणबाई ट्रे घेऊन आली. चहा आणि केळ्याचा केक, नुकताच ओव्हनमधून काढलेला. वास असा की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. ती आईपुढे वाकून म्हणाली, "केक घेणार, लव्ह?"

आई हसली, हात छातीशी नेऊन म्हणाली, "नो नो, थँक यू."

"नो वरीज," म्हणून बाई ट्रेसकट पुढच्या खोलीकडे चालती झाली. मी फोनवर लॅबमधल्या माझ्या शिफ्टचा रोस्टर बघत होते, मान वर करेपर्यंत ट्रे दुसऱ्या टेबलावर पोचलासुद्धा.

आई त्या ट्रेकडे बघतच राहिली. "अगं, गेलीच की ती!"

"तूच नको म्हणालीस ना?"

"म्हणणारच! पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणतं का? हावरटासारखं दिसतं ते. एकदा तरी 'घ्या हो, थोडा घ्या' म्हणायचं होतं की नाही तिने?"

मला इतका राग आला! चार तास गाडी चालवून पाठ मोडलेली, त्यात हे. मी फाडकन म्हणाले, "आई, इथे असं नसतं. इथे एकदाच विचारतात. नको म्हटलं की नको. किती वर्षं सांगतेय तुला!"

"हो," आई म्हणाली. "ते कळलं मला."

तिने ते ज्या पद्धतीने म्हटलं, त्यानंतर मला एका जागी बसवेना. मी उठून आत गेले. उगाच किटली लावली, चहाची पाकिटं मोजली, पुन्हा बाहेर आले. ती समुद्राकडे बघत बसली होती, पदर गळ्याभोवती गुंडाळून. वारा नुसता भणाणत होता. मला कळत होतं ती केकबद्दल बोललेली नाही.

बाबा गेल्याला दोन वर्षं झाली. मी एकुलती एक. आई कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लिफ्ट नाही, डावा गुडघा कुरकुरतो. सहा आठवड्यांपूर्वी एका सकाळी मी किचनमध्ये लेकीचा डबा भरत होते. वेस्टमीडच्या लॅबमध्ये सातची शिफ्ट, ट्रेन चुकायच्या बेतात. डब्याचं झाकण लागत नव्हतं. ते दाबता दाबता मी तिला विचारलं, "आई, इथेच राहतेस का आता? कायमची? व्हिसाचं काय ते आपण बघू."

ती म्हणाली, "नको गं. माझं सगळं तिकडे आहे."

मी म्हणाले, "बरं, तुला बरं वाटेल तसं." झाकण लागलं. मी पळाले. जेवणाच्या सुट्टीत तिचं तिकीट पक्कं करून मोकळी झाले.

इतकंच झालं होतं. आणि आता त्या व्हरांड्यात मला ते सगळं लख्ख आठवलं. जी बाई केकचा तुकडासुद्धा पहिल्या फटक्यात घेत नाही, ती लेकीच्या घरात राहायला पहिल्या फटक्यात हो म्हणणार होती? मी तिच्याच पोटची. आमच्याकडे पाहुण्याला तीनदा विचारल्याशिवाय पोळी वाढून होत नसे. मी लहानपणी हे शेकडो वेळा पाहिलंय, आणि तेरा वर्षांत इतकी इथली झाले की स्वतःच्या आईला झाकण दाबता दाबता एकदाच विचारून कामावर गेले?

संध्याकाळभर मी नुसती येरझारा घालत होते. खोलीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून गाडीत, गाडीतून चार्जर घेऊन परत. आईने बरोबर आणलेल्या कुकरमध्ये मऊ भात लावला, मेतकूट-तूप काढलं. "बैस गं जरा, किती ती वळवळ," ती म्हणाली. मी बसले आणि दोन घास खाऊन परत उठले. विचारू का आता? पण तोंडात घास असताना कसं विचारायचं? हे असं विचारायला चांगली वेळ लागते, असं मनाला सांगत राहिले. भेकड कुठली.

सकाळी मी ठरवूनच उठले. आता सोडायचं नाही, हात धरून आग्रह करायचा. नाश्त्याआधीच तिला वाळूवर घेऊन गेले. भरती ओसरत होती. आईने चपला हातात घेतल्या होत्या आणि दर लाटेला ती "अगं बाई" म्हणत मागे सरत होती. मी पाच मिनिटं फालतू काहीतरी बोलले, आणि मग एकदम म्हणाले, "आई, राहा ना इथे. तिकीट रद्द करते मी."

"नको गं."

"नको काय? तो जिना, तो गुडघा, आजारीबिजारी पडलीस तर कोण आहे तुला? राहाच."

"नको म्हटलं ना."

"मी तिसऱ्यांदा विचारतेय, आई. हात जोडू का?"

ती थांबली. मला वाटलं, जिंकले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मुलीला ताप आहे का बघावं तसं.

"त्या दिवशी सकाळी मी नको म्हटलं ना," ती म्हणाली, "तेव्हा तुझा चेहरा पाहिला मी. एवढा सुटल्यासारखा झाला होता."

मला म्हणायचं होतं, छे गं, काहीतरीच काय. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण ती माझी आई आहे, आणि तिने बरोबर पाहिलं होतं. दोन खोल्यांचं घर, आमच्या दोघांच्या शिफ्ट, मुलीला मराठीत हाक मारली की ती इंग्रजीत उत्तर देते म्हणून आईचा पडणारा चेहरा, फ्रिजमध्ये कुठे काय ठेवायचं यावरून रोजची आमची धुसफूस. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मी त्याच आनंदात ट्रेनमध्ये कॉफी प्यायले होते.

"हो," मी म्हणाले. "वाटलं होतं. तेव्हा वाटलं होतं. आता नाही वाटत. आता खरंच राहा." आणि मला रडू फुटलं, भर सकाळी, कुत्री फिरवणाऱ्या लोकांसमोर. आईने पदराने माझं तोंड पुसलं, पदराला वाळू लागलेली, त्यामुळे गाल आणखी खरखरीत झाले.

"वेडी का काय तू! मी रागावले नाहीये," ती म्हणाली. "तेव्हा दुसऱ्यांदा विचारलं असतंस ना, तर राहिले असते मी. नको म्हणता म्हणता मनात बॅगसुद्धा रिकामी केली होती. पण नंतर मी माझं सगळं लावून घेतलं. फोनवरूनच आपल्या बिल्डिंगमधला तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतलाय, शेजारणीने रंगसुद्धा लावून घेतला. मंगळवारचा भजनाचा ग्रुप आहे. आता मन तिकडे पोचलंय माझं."

"मला सांगितलं का नाहीस फ्लॅटचं?"

"तू विचारलं नाहीस."

मी पाचव्यांदा विचारलं. सहाव्यांदाही. ती प्रत्येक वेळी हसून नको म्हणाली, आणि आता तिला खरंच नको होतं.