डार्लाने काळा केलेला गोल

लॉर्ना प्रुइट केंटकीच्या डोंगरातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं लॅटिन शिकवत होती. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, दुकानं उठली, तरी पोरं तिला रोमन रिवाजाने ‘माजिस्त्रा’च, म्हणजे ‘बाई’च, म्हणत. यंदा ती पोरं उरली सहा. हेडमास्तरांनी हसत हसत सांगून टाकलं, “राज्याच्या लॅटिन मेळाव्यातून एक तरी बक्षीस आणा, मिसेस प्रुइट. नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या खोलीत वेल्डिंगचा वर्ग.” या माणसाला हसू नेमकं अशाच वेळी सुचायचं.

सहांतले पाचजण मेळाव्याला जायचे ते चादरींचे टोगे, म्हणजे रोमन झगे, गुंडाळून मिरवायला. सगळी भिस्त डार्ला कोम्ब्सवर. हेडमास्तरांची अट लॉर्नाने तिला सांगितली नाही. पोरीच्या डोक्यावर कशाला ओझं?

चार महिने डार्ला आइस्क्रीमच्या दुकानातलं काम उरकून आली की दोघी प्रश्नांची कार्डं घेऊन बसत. रोमन माणूस जेवताना कोणत्या कोपरावर रेलायचा, मेलेल्याच्या तोंडात नाणं कशाला ठेवायचे. उत्तर चुकलं की लॉर्ना कार्ड टेबलावर आपटायची.

“अगं, कालच सांगितलं ना!”

“माजिस्त्रा, त्या मेलेल्याला घाई नाही. तुम्हाला कसली एवढी?”

लॅटिनच्या सगळ्या वर्षांचा वर्ग एकाच खोलीत, एकाच तासाला भरे. डार्ला दुसऱ्या वर्षाची, पण मोठ्यांच्या पुढे. लॉर्ना कौतुकाने म्हणायची, “तू तर माझी तिसऱ्या वर्षाचीच.”

मेळाव्यात पेपर सगळ्यांना एकच, बक्षिसं मात्र वर्षावार. निकाल आधी भिंतीवर लावत. काही चुकलं असेल तर शिक्षकांनी दुपारी बाराच्या आत सांगायचं. लॉर्ना चार वेळा भिंतीपर्यंत गेली आणि चारही वेळा मागे फिरली. तिचा धीरच होईना.

समारंभात दुसऱ्या वर्षाची तीन नावं वाचली. डार्ला नव्हती. लॉर्ना उठून भिंतीकडे धावली. डार्ला तिसऱ्या वर्षाच्या यादीत सापडली, पाचवी, पन्नासपैकी शेहेचाळीस. दुसऱ्या वर्षात पहिला आलेल्याला चव्वेचाळीस होते. पोरीने उत्तरपत्रिकेवर आपलं वर्ष भरताना तिसऱ्या वर्षाचा गोल काळा केला होता.

निकालाच्या टेबलामागची बाई हळहळली. “बाराच्या आत आला असतात तर दोन मिनिटांचं काम होतं हो.”

परतीच्या बसमध्ये लॉर्नाने विचारलं, “तिसरं वर्ष का भरलंस गं?”

“तुम्हीच म्हणता ना तसं. दुसरं भरलं असतं तर तुम्हाला काय वाटलं असतं?”

लॉर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डार्लाने चादरीची घडी करून मांडीवर ठेवली आणि कार्डांचा गठ्ठा तिच्या हातात दिला. “पुढच्या वर्षी खरोखरच तिसऱ्यात असेन, मग बघा. चला, विचारा.”

लॉर्नाने वरचं कार्ड उचललं. अक्षरं दिसेनात, म्हणून तिने पाठ होता तो प्रश्न विचारला. “जेवताना कोणत्या कोपरावर?”

“डाव्या,” डार्ला म्हणाली. “पुढचा?”