मुद्दाम सोडलेला रोग

उंद्रीचे उत्तमराव सतरा वर्षं फौजेत होते, पण शत्रूवर त्यांनी एक गोळी झाडली नाही. शत्रूनं जैविक अस्त्र सोडलं तर जवानांनी काय करायचं, एवढंच ते शिकवायचे. ते अस्त्र काही कधी आलं नाही. गावी परतल्यावर पारावरची टाळकी विचारायची, "हवालदार, कधी येते मंग तुमचं अस्त्र?" उत्तमराव हसायचे, पण लागायचं हो मनाला!

यंदा ढोरांवर लम्पी रोग आला. आधी तुळशीरामच्या बैलाच्या अंगावर गाठी उठल्या, मग शेजारच्या जनकाबाईच्या गायीच्या. एकट्या बाईचा सारा संसार त्या गायीवर. ती उत्तमरावांच्या दारात येऊन कडाडली, "शेताच्या धुऱ्यावरून भांडला होता तुळशीराम! मुद्दाम बैल माह्या कुडाजवळ बांधला. जैविक अस्त्रच हाय हे, मोबाईलवर आलं ना! चला पोलिसात, तुमाले त्यातलं सारं समजते."

खोटं कशाला बोला, उत्तमरावांना क्षणभर मोह झाला. गावी परतल्यापासून पहिल्यांदा कोणी त्यांच्या विद्येला विचारत होतं, अन् तेही असल्या कामासाठी!

"जनकाबाई," ते म्हणाले, "रोगाचे जंतू पोसून कोणी जाणूनबुजून दुसऱ्यावर सोडते, त्याले अस्त्र म्हणतात. सोताचा बैल मारून कोणी नेम धरते काय? हे माशीनं आणलं. पण बंदोबस्त तोच. आजारी ढोरं एका गोठ्यात, अन् त्याईले हात लावणारा माणूस एकच."

"कोण?"

"तुळशीराम. त्याचा हात आजारी ढोराले लागलेलाच हाय."

"माही गाय त्याच्या हाती? मेले तरी नाही!"

पण गायीनं चारा सोडला तशी बाई तिचं दावं धरून त्या गोठ्याकडे निघाली.

उत्तमरावांनी गोठ्याच्या दारात चुना टाकला, बादल्या वेगळ्या केल्या, डॉक्टरला बोलावून गावातल्या धडधाकट ढोरांना लस टोचून घेतली. आत तुळशीराम कडुनिंबाचा धूर करी, बैलाच्या अन् गायीच्या जखमा धुई. नवव्या दिवशी त्याचा बैल गेला. जनकाबाईला वाटलं, संपलं आता, हा कशाला बघतो माझ्या गायीकडे? तुळशीरामनं डोळे पुसले, हात धुतले अन् गायीपुढं पेंड ठेवली.

महिन्यानं गाय घरी आली. जनकाबाई दुधाचा तांब्या घेऊन तुळशीरामच्या दाराकडे निघाली. वाटेत उत्तमराव दिसले तशी थांबली.

"हवालदार, रोग माशीनं आणला, मानलं म्या," ती म्हणाली. "पण माही गाय त्यानं मुद्दाम वाचवली."