वर कोणी राहत नाही

नवरा गेला. मृत्यूचा दाखला हातात आल्यावर मी तो चेन्नईतल्या बँकेच्या मैलापूर शाखेत नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी माझं क्रेडिट कार्ड बंद झालं.

मी पुन्हा शाखेत गेले. म्हटलं, काहीतरी चूक झाली असेल. कार्डावर माझं नाव होतं. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि कात्रीने कापलं. माझ्यासमोर. विचारलंसुद्धा नाही.

“हे तुमचं नव्हतंच, अम्मा. सारांचं होतं, तुमच्या मिस्टरांचं. तुम्हाला नुसतं वापरायला दिलेलं. अ‍ॅड-ऑन.”

नवरा सोबत असायचा तेव्हा हाच माणूस मला मॅडम म्हणायचा.

शेजारी बसलेली माणसं टेबलावरच्या तुकड्यांकडे पाहत होती. मी ते उचलून पर्समध्ये टाकले. का, ते माहीत नाही. नवऱ्याच्या बाकीच्या वस्तू आवरल्या, तसेच.

लग्न होऊन मिरजेहून इथे आले, तेव्हापासून मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. घरातली बिलं मीच भरायची. विजेचं, गॅसचं, त्या कार्डाचंसुद्धा. मुदत कधी चुकवली नाही. ती सगळी शिस्त त्याच्या नावावर जमा झाली. बँकेच्या लेखी मी कधी काही उसनं घेतलं नव्हतं, म्हणून कधी फेडलंही नव्हतं.

कार्डावाचून माझं अडणार नव्हतं. पण त्या कात्रीचा आवाज कानातून जाईना. स्वतःच्या नावाचं कार्ड घ्यायचंच, असं ठरवलं. एका बँकेने नाही म्हटलं की मी दुसरीकडे अर्ज करायची, तिथून तिसरीकडे. प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि नोंदी साचल्या की पुढची बँक बिचकते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी माझा पगार जमा होतो त्याच शाखेत अर्ज केला. बोलावणं आलं. तेच टेबल, तोच अधिकारी.

“पत्त्याची खात्री झाली नाही, अम्मा. आमचा माणूस येऊन गेला. खाली विचारलं. वर कोणी राहत नाही, असं सांगितलं.”

“मी राहते.”

“असाल. पण दाराला कुलूप, दारात कोलमही नाही. त्याला काय कळणार?” मग आवाज मऊ करून म्हणाला, “मुलगा पुण्याला आहे ना? त्याच्या नावावर घ्या. तुम्हाला अ‍ॅड-ऑन देतो. पूर्वीसारखं.”

मी नको म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्याला ऐकू गेलं नसावं.

कुलूप होतं, कारण मी कामावर होते. कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, नव्हता, कारण इथे माणूस गेलेल्या घरासमोर तो काढत नाहीत. खाली राहणाऱ्या घरमालकीण मामींनीच सांगितलं होतं, वर्षभर दारात पीठ पडू द्यायचं नाही. मी ऐकलं.

घरी आले तेव्हा मामी जिन्यापाशी शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. मी विचारलं.

“अय्यो, मी कशाला असं सांगेन? तो म्हणाला, वर कोण असतं? मी म्हटलं, सार होते, ते गेले. आता कोणी नाही.”

“मामी, मी आहे.”

“तू आहेसच गं. तुला कोण नाही म्हणतंय?”

त्या खोटं बोलत नव्हत्या. तेराव्यापर्यंत मला रोज जेवण आणून देणारी बाई. माझ्या पावलांचा आवाज रोज त्यांच्या डोक्यावर वाजतो. तरी वरचं घर त्यांच्या लेखी रिकामं.

“उद्यापासून छोटासा कोलम काढ,” त्या पाल्यावरून नजर न काढता म्हणाल्या. “चार ठिपके. बँकवाल्याला कळेल तरी.”

“वर्षभर नको म्हणालात तुम्हीच.”

“ते देवासाठी. हे बँकेसाठी.”

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. जिना चढता चढता ते ओसरलं. मी जिवंत आहे, हे दारात पीठ सांडून दाखवायचं?

मी कोलम काढला नाही. अर्धी रजा टाकून शाखेत गेले.

“माझ्या पगारातून केलेली मुदतठेव इथेच आहे. तिच्यावर कार्ड द्या. नियम वाचून आले आहे.”

तो खुर्चीत जरा मागे सरला. “मिळतं तसं.”

“मग पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीत?”

“बायका सहसा मुलाच्या नावावरच घेतात, अम्मा.”

“मी घेणार नाही. आणि मॅडम म्हणा. पूर्वी म्हणायचात.”

या वेळी आवाज बारीक नव्हता. शेजारची माणसं वळून पाहू लागली. पाहू दे म्हटलं.

ठेवीवरच्या कार्डालाही पत्ता तपासायचा असतो म्हणे. शनिवारी बँकेचा तो माणूस पुन्हा आला. “वर कोण असतं?” खालून आवाज आला. मामींनी तोंड उघडायच्या आत मी जिन्यात येऊन उभी राहिले.

“वरचं मला विचारा.”

“घरात मुख्य कोण?”

“मी.”

“सार?”

“वारले. मुख्य मी.”

मामी पाला निवडत राहिल्या.

कार्ड आलं. मर्यादा लहान आहे. थोडंच वापरते, मुदतीआधी सगळं भरते. इतकी वर्षं भरलं तसंच, फक्त आता ते माझ्या नावावर चढतं. याने दुःख कमी झालं नाही. संध्याकाळी कुलूप उघडते तेव्हा घर तितकंच गप्प असतं. पण यापुढे कोणाच्याही नावाला जोडून मी काही घेणार नाही. मुलाच्याही नाही.

जुन्या कार्डाचे तुकडे अजून पर्समध्ये आहेत. दारात कोलम नाही. वर मी राहते.