ट्रेमध्ये उरलेली चकती

गॅरेजात भंगार कोणी मुद्दाम आणत नाय. एका कोपऱ्यात एक गंजका नट पडतो, त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसतो, आणि वर्षभरात तिथं पाय ठेवायला जागा राहत नाय. किस्स्यांचं पण तसंच. पिंपळगाव बसवंतला हायवेच्या कडेला आमच्या पोराचं, बाळूचं गॅरेज हाय. आमचा म्हातारा गेला तेव्हापासून मी रोज तिथं खुर्ची टाकून बसते. शाळा चौथीपर्यंत. पण जुन्या फोर-व्हील गाडीच्या पुढच्या चाकात काय काय असतं ते विचारा, डोळे झाकून सांगीन.

*

पहिल्या दिवशी मी नुसता डबा द्यायला गेले होते. सलीम मिस्तरी, म्हणजे आमच्या गॅरेजातला एकुलता एक खरा कारागीर, नव्या बेरिंगमध्ये ग्रीस भरत बसला होता. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेरिंगची कड त्यावर दाबत राहायची. रोलरच्या फटीफटीतून ग्रीस वर डोकावलं की मग पुढची कड. अंगणात तीन गाड्या जॅकवर उभ्या, गिऱ्हाईकं घड्याळ बघतायत.

मी बांगड्या मागं सारल्या नि म्हणलं, आण इकडं. जन्मभर पुरण भरलेला हात. अर्ध्या तासात चार बेरिंगं भरून दिली, एक फट कोरडी नाय. तेव्हापासून ते काम माझंच.

एकदा ओझरकडचे एक साहेब जीप घेऊन आले. बेरिंग उलटंपालटं करून बघितलं, खूश झाले. "पॅकिंग एकदम बढिया. मशीन कुठली वापरता?"

सलीमनं माझ्याकडं बोट केलं. "ही. जुनं मॉडेल हाय साहेब. आवाज लय करतं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या चहात मीठ पडलं. कसं पडलं ते मला काय माहीत!

*

हरसूलकडचा सोपान आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याकडं मिलिटरीतून लिलावात निघालेला फोर-व्हील ट्रक. ट्रक पन्नाशीचा, सोपान पस्तिशीचा. भात, नागली, बांबू, आठवडी बाजारची माणसं, सगळं त्यातच. रस्ता नसला की गडी सरळ ओढ्यातून ट्रक घालतो. मग चाकात पाणी शिरतं, आणि चाकाच्या मधला हब उघडला की आत ग्रीसच्या जागी पाण्यात घुसळलेलं पांढरं श्रीखंड! दर पावसाळ्यानंतर पुढची बेरिंगं बदलायला तो आमच्याकडं ठरलेला.

एका वर्षी त्याच्या मनात आलं, आपलं आपणच करू. बेरिंगं बसवली पण बरोबर. वाटेतून सलीमला फोन. मिस्तरी, चाकातून धूर निघतोय.

सलीमनं विचारलं, नट किती आवळला?

"बायकोनं पाना धरला होता," सोपान म्हणाला, "मी पान्यावर उभा राह्यलो."

*

तो धूर निवल्यावर सोपान आला तेव्हा सलीमनं त्याला समोर बसवून शिकवलं. चाक फिरवत फिरवत आतला नट आधी घट्ट करायचा, म्हणजे बेरिंग आपल्या जागी बसतं. मग सोडायचा. मग पुन्हा हलक्या हातानं लावायचा आणि पाव फेरा मागं घ्यायचा. चाक मोकळं फिरलं पायजे, पण वर-खाली धरून हलवलं तर खटखट नको. जमलं की त्या नटावर पत्र्याची लॉकची चकती, तिच्यावर दुसरा नट, आणि चकतीची कड ठोकून नटावर वाकवायची. चकती नसली तर नट हळूहळू आपोआप फिरतो, आणि मग एखाद्या उतारावर चाक ट्रकच्या आधी गावात पोचतं.

मला हे लय पटलं. घरी जाऊन सुनेला म्हणलं, "बाई, आजपासून मी पण पाव फेरा मागं."

भांडी घासता घासता ती म्हणाली, "लॉक लावून घ्या आई. नायतर परत आवळाल."

*

आता माझा गुन्हा सांगते. भंगारात मला तशीच एक जुनी चकती सापडली. डिझेलमध्ये धुतली, पदरानं पुसली, लख्ख केली. सलीमनं एका जीपचं चाक बंद केलं आणि हात धुवायला गेला, तेवढ्यात त्याच्या सामानाच्या ट्रेमध्ये हळूच ठेवून दिली.

कारागिराला काम संपल्यावर ट्रेमध्ये एक वस्तू उरलेली दिसली ना, की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. सलीमनं सगळं चाक पुन्हा उघडलं. आत चकती आपल्या जागी बसलेली. मी खुर्चीत बसून शेंगा खात होते.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा तो पण हसला. तिसऱ्यांदा मात्र माझं चुकलं. रमजानच्या रोज्यांचे दिवस, ऊन असं की पाना हातात धरवत नव्हता. त्यानं चाक उघडलं, चकती बघितली, परत बंद केलं. मग माझ्यापाशी येऊन उभा राह्यला.

"अम्मा, पुन्हा असं केलंस तर मी चाललो. ओझरकडं नवीन शोरूम झालंय, तिथून बोलावणं हाय. एसी हाय तिथं."

बाळूचा चेहरा पांढराफटक. सलीम गेला तर गॅरेज बंद, हे त्याला पण कळतं. आमच्या पोराला ऑइल बदलता येतं आणि गिऱ्हाईकाला पाणी देता येतं, बस. त्यानं मला ऑफिसातल्या गणपतीच्या फोटोपुढं उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली.

*

शपथ मी पाळली. लय जड गेलं. खुर्चीत नुसतीच बसायचे. ट्रे समोर उघडा, मिस्तरी पाठमोरा, आणि आपण हात मांडीवर ठेवून.

शेवटी सून मला डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं विचारलं, काय होतंय?

"पंधरा दिवस झाले," सून म्हणाली, "यांनी कोणाला फसवलं नाय."

*

पावसाळा सरला. सोपान आला, सोबत बायको हिराबाई, मागं बाजारचं सामान. पुढच्या दोन्ही चाकांत श्रीखंड. मी बेरिंगं भरून दिली, सलीमनं बसवली, चाकं हलवून बघितली आणि साबण घेऊन नळाकडं गेला.

मी ट्रेमध्ये बघितलं. लॉकची चकती!

माझी नव्हे. माझी तर मी केव्हाच भंगारात टाकलेली. हिला ताजं ग्रीस लागलेलं होतं. सोपान स्टेअरिंगवर बसला होता, हिराबाई वर चढत होती, आणि पुढं हरसूलच्या वाटेवरचे उतार.

बोलले तर सलीम जाणार. नाय बोलले तर ही दोघं.

मी बोलले. बाळूनं कपाळावर हात मारला. सलीमनं तर वळून पण बघितलं नाय. शपथ घेतली होतीस अम्मा, एवढंच म्हणाला, आणि सोपानला हातानं सांगितलं, जा. ट्रक सुरू झाला.

मी माझी खुर्ची ओढत नेली आणि डाव्या चाकापुढं ठेवून तिच्यावर बसले.

सलीम जवळ आला. "उघडलं आणि आत चकती निघाली, तर मी आजच चाललो."

"आणि नाय निघाली तर?"

त्यानं जॅक लावला. डावं चाक उघडलं. चकती आत. उजवं उघडलं. तिथं पण आत, कड वाकवलेली, एकदम व्यवस्थित.

बाळू तिथंच टायरवर बसला. सलीमनं दोन्ही चाकं पहिल्यासारखी बंद केली, पाने पुसले, एकेक पेटीत ठेवला, पेटी उचलली आणि फाटकाकडं चालायला लागला. मी चप्पल न घालता त्याच्या मागं. सलीम, तुला एसीत सर्दी होईल रे, असलं कायबाय बोलत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, आता सांगायला लाज कसली.

तेवढ्यात ट्रकमधून आवाज आला. हिराबाई तोंडात पदर कोंबून हसत होती. सोपान स्टेअरिंगवर डोकं टेकून हलत होता.

सलीम फाटकात थांबला. पेटी खाली ठेवली. "तू भंगारात टाकलेली चकती ईदपासून खिशात घेऊन फिरतोय, अम्मा. ग्रीस मात्र आज लावलं. चहा टाक. मीठ नको."

मी तिथंच दगडावर बसले. धाप ओसरल्यावर विचारलं, "आणि ते शोरूम?"

सलीम साबण शोधत होता.

"कुठलं शोरूम?"